रॅकमध्ये राहिलेलं कार्ड

काकासाहेब गाडेकरांनी आयुष्यात कधी उशीर केला नाही, आणि दुसऱ्याने केलेला कधी विसरले नाहीत. त्यात त्यांचा दोष नव्हता, नोकरीच तसली होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसच्या खिडकीमागे त्यांचे काळ्याचे पांढरे झाले. कामगार आला की 'बाहेर' लिहिलेल्या रॅकमधून स्वतःचं कार्ड काढायचा, भिंतीवरच्या घड्याळाच्या फटीत खुपसायचा, दांडा दाबायचा. खट्‌ आवाज होऊन कार्डावर वेळ उमटायची. वेळेत असेल तर निळ्या शाईत, वेळ चुकली असेल तर लाल. मग ते कार्ड 'आत'च्या रॅकमध्ये जायचं. सुटताना हाच खेळ उलटा. काकासाहेबांनी काही करायचं नसे, नुसतं बघायचं. पण त्यांच्या बघण्यानेच अर्ध्या लोकांचा उशीर कमी झाला होता.

त्यांची एक खोड मात्र कारखानाभर माहीत होती. पाळी सुटल्यावर 'आत'च्या रॅकमध्ये एखादं कार्ड राहिलं, की बाकीचे टाइम कीपर 'उद्या विचारू' म्हणून स्कूटरला किक मारत. काकासाहेब मारत नसत. कार्ड राहिलं म्हणजे माणूस राहिलं, असं ते म्हणत आणि शोधायला निघत. स्टोअरच्या मागे, कॅन्टीनच्या वर, टाकीपाशी. बहुतेक वेळा कुणी गाढ झोपलेला सापडे, नाहीतर गडी कार्ड काढायचं विसरून केव्हाच घरी पोचलेला असे. असा अप्पाराव नावाचा एक फिटर चितेगावला घरी जेवायला बसलेला असताना काकासाहेब दारात जाऊन उभे राहिले होते. "पोचला न? मग झालं," एवढंच बोलले आणि परत फिरले. हसणारे हसले. पण एकदा एक पोरगा खरोखरच पाय मुरगळून गोदामामागे पडलेला सापडला, तेव्हापासून हसणं जरा कमी झालं.

पुढे अंगठ्याची मशीन आली. घड्याळ आणि दोन्ही लाकडी रॅक भंगारात निघाले. काकासाहेब निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, काय देऊ? त्यांनी तेच मागितलं. टेम्पोतून ते धूड घरी उतरलं तेव्हा त्यांच्या पत्नी चतुराबाई दारात उभ्या होत्या.

"लोकं रिटायर व्हताना आंगठी आनतेत. ह्यांनी भंगार आनलं."

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते ओल्या फडक्याने पुसून काढलं. हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, घड्याळ आणि रॅक टांगले गेले. पाहुणे आले की आधी तिकडे बघत आणि मग चतुराबाईंकडे, जणू काय विचारावं ते कळत नाही.

घरात मुलगा, सून आणि त्यांची मुलगी संस्कृती. संस्कृती बारा वर्षांची, उशीएवढी जाड इंग्रजी पुस्तकं वाचणारी. त्यातली मुलं कपाटातून, विहिरीतून, कुठून कुठून भूतकाळात जात आणि राक्षस मारून परत येत. एकदा तिने आजोबांना अशी एक गोष्ट रंगवून सांगितली. काकासाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "हे पोरं निघून गेले. कुठं नोंद केली का?"

"कसली नोंद, आबा?"

"गेट पास नाय, घरच्याला पत्ता नाय, कधी येनार ते सांगितलेलं नाय. उद्या एखादं तिकडंच राहिलं तर हुडकायला कोन जाईल?"

संस्कृती हसून लोळली आणि म्हणाली, मग तुम्हीच लिहा ना नोंदवाली गोष्ट. तिने गमतीत म्हटलं. काकासाहेबांना गंमत फारशी कळत नसे. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतर कागद पुढे घेतला.

अशी 'दुसऱ्या पाळीचं घड्याळ' ही बालकादंबरी जन्माला आली. सत्यम आणि तनुजा या भावंडांना भंगाराच्या दुकानात एक पंचिंगचं घड्याळ सापडतं. कार्ड घालून दांडा दाबला की शहरातला एखादा दरवाजा दुसऱ्या काळात उघडतो. कधी देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारातून हातात हात धरून पळायचं, कधी पैठणच्या जुन्या बाजारात चोर पकडायचा. पण अट एक. जाताना कार्ड, येताना कार्ड. दुकानाच्या खिडकीत एक म्हातारा टाइम कीपर बसलेला. त्याला कादंबरीभर नाव नाही, तो जागचा हलत नाही, नुसता गेलेल्यांची वाट बघतो.

आणि गोदाआजी. ही मूळ बेतात नव्हतीच. दुसऱ्या प्रकरणात पोरं डबा विसरून निघाली, म्हणून ती डबा घेऊन मागे धावली आणि त्यांच्याबरोबरच भूतकाळात जाऊन पडली. मग काय, कादंबरी तिनेच ताब्यात घेतली. किल्ल्याच्या पहारेकऱ्याला तिने ठेचा-भाकरी खायला घालून दरवाजा उघडवला. सरदाराला "आधी पाय धुवून या" म्हणून परत पाठवलं. पाणचक्कीपाशी गेली तर पीठ चिमटीत घेऊन म्हणाली, जाड येतंय, जातं झिजलंय, टाकी लावून घ्या. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काकासाहेब नवं प्रकरण वाचून दाखवत, तेव्हा पोरं चोरांना एवढी हसत-घाबरत नसत जेवढी गोदाआजीला.

गोदाआजी कोण, हे पार्किंगमधल्या कुत्र्यालासुद्धा कळलं होतं. एकट्या चतुराबाई त्या गावच्याच नव्हत्या. "जलमभर ह्यांचं बोलनं ऐकलं, आता लिवलेलं बी ऐकू व्हय?" म्हणून त्या तळमजल्याच्या घरातून बाहेर येत नसत. फक्त वाचनाच्या वेळेला त्यांच्या स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबायचं.

नववं प्रकरण लिहून झालं त्याच दिवशी चतुराबाईंच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना, तपासण्या, मोठं ऑपरेशन. त्यातून त्या उठल्या, पण दिवस फार वाईट गेले. इकडे संस्कृतीच्या शाळेला काकासाहेब शब्द देऊन बसले होते की स्नेहसंमेलनात पुस्तक हजर असेल. शब्द दिला म्हणजे दिला. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी उरलेली प्रकरणं संपवली, औरंगपुऱ्यातल्या प्रेसमध्ये नेऊन दिली आणि पुस्तक वेळेत आलं. शाळेत टाळ्या झाल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी शाल घातली. काकासाहेबांनी प्रत्येक प्रत नेणाऱ्याच्या नावाचं एक जुनं कोरं कार्ड घरच्या रॅकमध्ये लावलं. पुस्तक गेलं, तर ते कुठे गेलं हे माहीत असायला नको?

इथपर्यंत सगळं छान होतं.

त्यानंतर एका दुपारी वरच्या मजल्यावरची मनस्विनी खाली आली. आठ वर्षांची, दोन वेण्या, शब्दाखाली बोट ठेवून वाचणारी. आयुष्यातलं पहिलं जाड मराठी पुस्तक तिने एकटीने वाचून संपवलं होतं. चतुराबाई दिवाणावर मेथी निवडत बसल्या होत्या, काकासाहेब पेपर वाचत होते.

"आबा, गोदाआजी घरी कधी आली?"

"शेवटच्या प्रकरनात. समदेच आले की."

"नाही आली." मनस्विनीने पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "सत्यम आला, तनुजा आली. शेळीचं पिल्लू पण आलं. गोदाआजी नाही."

काकासाहेबांनी चष्मा लावला. शेवटचं पान बघितलं, त्याच्या आधीचं बघितलं, मग मागे मागे जात राहिले. नवव्या प्रकरणात गोदाआजी पाणचक्कीच्या हौदाच्या कडेला बसली होती. पाय दुखतात म्हणून. मांडीवर डबा. 'तुम्ही या जाऊन, मी हितंच बसते,' असं ती पोरांना म्हणाली होती. त्यानंतर दहाव्या, अकराव्या, बाराव्या प्रकरणात तिचं नावसुद्धा नव्हतं. पिल्लाला मात्र तीन ओळी होत्या.

चतुराबाई हसल्या. टाक्यांवर हात दाबून हसल्या. "करडाला आनलं आन् म्हातारीला तिथंच ठिवून आलात व्हय? लई भारी टाइम कीपर."

आतून संस्कृती आली, तीही हसली. मनस्विनी हसली नाही.

"म्हणजे ती अजून तिथंच आहे? मला संध्याकाळ झाली की वाटतं, आता तिथे पण अंधार पडला असेल."

काकासाहेबांनी पुस्तक मिटलं. ते उठून रॅकपाशी गेले. एक कोरं कार्ड काढलं, त्यावर 'गोदाआजी' लिहिलं आणि 'आत'च्या रॅकमध्ये, सगळ्यात वरच्या खणात लावलं. त्या रात्री ते अर्धी भाकरी टाकून उठले.

तोडगे सगळ्यांकडे होते. मुलगा म्हणाला, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करा. संस्कृती म्हणाली, आबा, कुणाच्या लक्षात पण आलं नाही, एका मनूच्याच आलं. मनस्विनीचे वडील श्रीनिवासराव कॉलेजात शिकवणारे, माणूस सज्जन. ते मुद्दाम खाली आले आणि म्हणाले, "काकासाहेब, उलट बरंच झालं. हल्ली शेवट असा मोकळा सोडतात. वाचक विचार करत राहतो."

"माणूस आत राहिलंय, श्रीनिवासराव," काकासाहेब म्हणाले. "इचार काय करायचा त्यात?"

श्रीनिवासराव चहा पिऊन वर गेले.

चूक कशी झाली, ते काकासाहेबांना त्याच दुपारी कळलं होतं. म्हणूनच जेवण जात नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी चतुराबाईंना आत न्यायला माणसं आली, तेव्हा त्या चाकांच्या खाटेवरून म्हणाल्या होत्या, "तुम्ही च्या पिऊन या. मी हाये हितंच." नववं प्रकरण त्याच्या आधीच लिहून झालेलं. आपणच लिहिलेलं वाक्य थोड्या फरकाने काकासाहेबांना ऐकू आलं. ते चहाला गेले नाहीत, त्या दारासमोर उभे राहिले. पुढे बाकावर बसून लिहायची वेळ आली तेव्हा पेन किल्ल्याकडे जाई, बाजाराकडे जाई, लढाईकडे जाई. पाणचक्कीकडे जाईना. तिकडे जावं आणि हौदाची कडा रिकामी दिसली तर? त्यांना भीती वाटत होती. भीती वाटत होती म्हणून त्यांनी पोरांना दुसऱ्याच दरवाजाने घरी आणलं, दाणकन शेवट केला, आणि मागे वळून रॅककडे बघितलं नाही. उभ्या नोकरीत जे कधी केलं नाही ते केलं, आणि तेही कुणाच्या बाबतीत!

आता चतुराबाई घरी होत्या, मेथी निवडत होत्या, टोमणे मारत होत्या. आता जायला हरकत नव्हती. पण जाणार कोण? पोरं घरी पोचलेली, त्यांची कार्डं निघालेली. कादंबरीत उरला होता एकच माणूस, खिडकीतला तो बिननावाचा म्हातारा. आणि तो तर कधी जागचा हलत नाही.

काकासाहेबांनी दोन सकाळी नुसता कागद समोर ठेवला. तिसऱ्या सकाळी म्हाताऱ्याला खुर्चीवरून उठवलं.

एकदा उठल्यावर म्हातारा थांबेना. त्याने स्वतःचं कार्ड काढलं, ज्यावर आजवर एकही वेळ उमटली नव्हती. दांडा दाबला. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजातून पलीकडे गेला तर तिथे भर ऊन, घोडे, धूळ, आणि रस्ता विचारावा तर याला ती भाषा धड येत नाही. एका शिपायाने अडवलं, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला उशिरा आल्याबद्दल असं काही झापलं की शिपाईच घाबरून बाजूला झाला. हे लिहिताना काकासाहेब एकटेच हसले. मग पाण्याचा आवाज आला. मग हौद दिसला. हौदाच्या कडेला, झाडाच्या सावलीत, मांडीवर डबा घेऊन गोदाआजी बसलेली होती. जिथे बसते म्हणाली होती तिथेच.

तिने मान वर करून म्हाताऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली.

काय म्हणाली?

इथे गाडी अडली. काकासाहेबांनी तिला रडवून पाहिलं, ते तिला शोभेना. 'मला वाटलंच होतं तुम्ही याल' असं म्हणायला लावलं, तर ती टीव्हीवरच्या मालिकेतली वाटायला लागली. 'एवढा उशीर का?' हे जवळपास बरोबर होतं, पण पुढे त्याचं उत्तर म्हाताऱ्याला द्यावं लागलं असतं. कागदांचे बोळे टोपलीत साठत गेले. शेवटी ते उठून स्वयंपाकघरात गेले. चतुराबाई स्टुलावर बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली होती, बसून भांडायला नव्हती.

"एक इच्यारू का?"

"इच्यारा की. नाय म्हनल्यावर थांबनार हाव व्हय?"

"समजा, एक बाई हाये. लई येळ एका जागी बसून हाये. आन् तिला न्यायला..."

"गोदी ना?" चतुराबाई म्हणाल्या. "आडून आडून कशापायी इच्यारता? ती कोन हाये ते मला पयल्या दिवशीच कळलंय. ठेचा माझा, भांडनं माझी. निस्तं नाव तेवढं दुसरं."

काकासाहेब दाराची चौकट धरून उभे राहिले.

"तू तर ऐकत नव्हतीस."

"कान काय झाकून ठिवू?" त्यांनी आणखी दोन मिरच्यांचे देठ काढले. मग हात थांबवून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही च्या प्यायला गेला व्हता का?"

"नाय."

"सूनबाई म्हनली मला. दारासमोर उभं व्हते म्हनली. मग हिला न्यायला येवढा उशीर कसा झाला?"

काकासाहेबांना या बाईपुढे कधी खोटं जमलं नव्हतं. "भ्या वाटलं," ते म्हणाले. "तिथं गेलो आन् तू नसलीस तर."

मिरच्यांचं ताट चतुराबाईंनी उगाच इकडचं तिकडे केलं. डोळ्यांना हात लावणार होत्या, पण हाताला तिखट होतं, म्हणून पदराच्या टोकाने पुसले. या घरात अशी बोलणी कधी झाली नव्हती आणि दोघांनाही त्यांची सवय नव्हती.

"कुठं जातीय ती डबा सोडून," त्या म्हणाल्या. "आन् म्हनंल काय? म्हनंल, भाकरी गार झाली, पर आधी जेवून घ्या, मंग निघू. येवढ्या लांबून आलेलं मानूस उपाशीच असनार."

काकासाहेब परत कागदापाशी गेले आणि जसंच्या तसं लिहिलं. एक शब्द बदलला नाही. पुढचं पान आपोआप झालं. म्हातारा आणि गोदाआजी हौदाच्या कडेला बसून जेवतात, पाणचक्की फिरत राहते, शिपाई लांबून बघतो, त्यालाही चतकोर भाकरी मिळते, आणि मग दोघं सावकाश दरवाजाकडे चालू लागतात, कारण तिचे पाय दुखतात.

तेरावं प्रकरण प्रेसमध्ये छापून आलं, चार सुटी पानं. ती प्रत्येक पुस्तकात चिकटवायची होती, आणि प्रत्येक पुस्तक कुठे आहे हे रॅकमधली कार्डं सांगत होती. बाजारातल्या डिंकावर चतुराबाईंचा विश्वास नव्हता. त्यांनी मैद्याची खळ शिजवली, त्यात बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला, आणि डबा घेऊन स्कूटरवर मागे बसल्या. डॉक्टरांना विचारलं होतं का? विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मोकळी हवा चांगली. स्कूटरचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी ऊन तापायच्या आत एकेक भाग करत ते फिरले. हर्सूलला तलावाकडच्या एका घरात पुस्तकाचं कव्हर फाटलेलं होतं. तेही चतुराबाईंनी चिकटवून दिलं आणि पोराच्या आईला दोन शब्द सुनावले. शाळेच्या वाचनालयात मुलांनी रांग लावून पानं चिकटवली आणि अर्धी खळ गणवेशावर सांडली. चितेगावला अप्पारावांनी पुस्तक वाचलंच नव्हतं, पण देवघरात ठेवलं होतं. काकासाहेबांना दारात बघून ते म्हणाले, "आज कोनाचं कार्ड राहिलं?" आणि खळीचा डबा घेऊन मागे उभ्या असलेल्या चतुराबाईंना बघून चहा ठेवायला सांगितला.

शेवटचं घर वरच्या मजल्यावरचं. मनस्विनीने पान चिकटवेपर्यंतसुद्धा दम धरला नाही. जिन्यातच उभं राहून, शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत तिने चारही पानं वाचली. काकासाहेब एक पायरी खाली उभे होते. स्नेहसंमेलनातल्या टाळ्यांचीसुद्धा त्यांनी एवढी वाट बघितली नव्हती.

वाचून झालं. ती धावत जिना उतरली, त्यांच्या हॉलमध्ये शिरली, खुर्ची ओढून वर चढली आणि 'आत'च्या रॅकमधून गोदाआजीचं कार्ड काढलं. घड्याळाच्या फटीत घातलं, दोन्ही हातांनी दांडा दाबला. खट्‌ झालं. ते 'बाहेर'च्या रॅकमध्ये लावायच्या आधी तिने निरखून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"आबा, लाल आलं."

काकासाहेब दारात पोचले होते. ते उत्तर देणार तेवढ्यात आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला आणि त्यामागून चतुराबाईंचा.

"येऊ दे लाल. पोचली न घरी? मनू, हात धू बाय, आन् आधी जेवून घे. तुम्ही बी बसा."

मनस्विनीने कार्ड खणात नीट सरळ लावलं आणि हात धुवायला गेली. काकासाहेबांनी दोन ताटं घेतली, मग थांबून तिसरं घेतलं, आणि आज आधी चतुराबाईंचं वाढलं.